तिसऱ्या हाकेचा माणूस

गेल्या तीस वर्षांत आमच्या तालुक्यात जेव्हा जेव्हा इतिहास घडला, तेव्हा तेव्हा सर तिथे हजर होते, आणि इतिहास घडतो आहे हे लोकांना त्यांनीच सांगितलं. इतिहास म्हणजे मुख्यतः लग्नं. त्याखेरीज पाण्याच्या टाकीचं लोकार्पण, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन, सेवापूर्तीचे कार्यक्रम, आणि एकदा एका पुढाऱ्याच्या नव्या गाडीची पूजा. सर सूत्रसंचालक होते. शाळेत ते विज्ञान शिकवायचे, पण ते त्यांचं फावल्या वेळेतलं काम होतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. स्टाफरूममध्ये बावीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. माइक हातात नसताना सर आमच्यासारखेच बोलत. "काय रं, चहा आला न्हाई का अजून?" असं शिपायाला विचारणारा हाच माणूस तासाभराने मांडवात उभा राहून "प्रस्तुत मंगलप्रसंगी आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून" असं म्हणायला लागला, की ऐकणाऱ्याला वाटे, याच्या गळ्यात दुसराच कुणीतरी भाड्याने राहतो.

आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडण्याआधी माइकवरून पाहुण्यांची नावं घ्यायची पद्धत आहे. मुहूर्त बारा सत्तावीसचा असला, तरी अमुक साहेब यायचे असतात. ते येईपर्यंत आलेल्यांची नावं घ्यायची. नवरा-नवरी उन्हात घामाघूम, भटजी घड्याळ बघताहेत, आणि सर शांतपणे सोसायटीच्या माजी व्हाइस चेअरमनांपर्यंत पोचलेले. एकही नाव राहायचं नाही. त्यासाठी खिशात एक डायरी असे. तीत गावोगावची नावं, पदं आणि त्यांना लावायची विशेषणं. "माजी" आणि "भावी" हे दोन शब्द ते पेन्सिलीने लिहीत. कारण विचारलं तर म्हणत, "माणूस कायम असतो. हे खोडावं लागतं."

वर्गातही तेच. हजेरी घेताना ते नंबर पुकारत नसत. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, अगदी स्वच्छ. पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं त्यात जात. त्यामुळे आमच्या शाळेतल्या कित्येक पिढ्यांना परागीभवन अर्धवटच कळलं. मुख्याध्यापकांनी एकदा टोकलं, तेव्हा सर म्हणाले, "साहेब, यातल्या निम्म्या पोरांचं पूर्ण नाव यापुढं फक्त कोर्टात घेतलं जाणारे. आपण तरी घेऊ."

त्यांच्याकडून एकदाच एक नाव राहिलं होतं. युसूफ वडगावच्या एका लग्नात एका बागायतदाराचं. तो गृहस्थ न जेवता निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला मोटारसायकलवर मागे बसवून त्याच्या मळ्यात घेऊन गेले. तो म्हशीला वैरण टाकत होता. सरांनी गोठ्यासमोर उभं राहून, माइकशिवाय, पण पूर्ण आवाजात त्याचं नाव घेतलं: "कृषिनिष्ठ, दानशूर, पंचक्रोशीचे आधारस्तंभ." म्हशीने वैरण खाणं थांबवलं. बागायतदाराने आधी मान फिरवली, मग डोळे पुसले, मग आम्हाला चहा पाजला. मी परतताना हसत होतो. सर हसत नव्हते.

"तुमाला वाटतंय त्यो येडा हाय," ते म्हणाले. "त्यो येडा न्हाई. काल त्याच्या सोयऱ्यासमोर त्यो न्हवताच."

माझ्यासारख्या पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला हे सगळं थोतांड वाटे, आणि मी ते लपवत नसे. सरांचा एक सिद्धांत मात्र मला मान्य होता, तो हाकेचा. स्टेजवर नाव पुकारलं की आमच्याकडचा माणूस लगेच उठत नाही. पहिल्या हाकेला तो इकडेतिकडे बघतो, जणू त्याच नावाचा दुसरा कुणी असावा. दुसऱ्या हाकेला शेजारी त्याला ढकलतात, तो "राहू द्या, राहू द्या" म्हणतो. तिसऱ्या हाकेला उठतो. सर नाव घेताना मधल्या जागा या हिशेबानेच सोडत. "पयल्या हाकंला उठला तर समजायचं, घरूनच तयारी करून आलाय," असं त्यांचं मत होतं. ते स्वतः तर कुठेच पहिल्या हाकेला उठत नसत. जेवणाच्या पंगतीलासुद्धा.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मीही झालो होतो. वहिनींची, म्हणजे सरांच्या पत्नीची, मूत्रपिंडं कामातून गेली होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल, ते सुटणार नाही, तेव्हा कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ताच या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर विचारलं, "आई, कुठं जायचं?" वहिनी म्हणाल्या, "इमानात बसायचंय. उतरायचं कुठं ते तू बघ."

मुलीने गोवा बघितला. पहाटेचं विमान, समुद्रकाठचं रिसॉर्ट, तीन रात्री. पहाटेचं तिकीट स्वस्त असतं. सरांनी आग्रह केला, म्हणून मी आणि माझी बायको बरोबर निघालो. आग्रहाचं कारण असं, की मी पूर्वी एकदा विमानात बसलो होतो. आमच्या गावात तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो.

निघायच्या दिवशी दुपारी गावाने चौकात सरांचा सत्कार ठेवला. "विमानप्रवासास हार्दिक शुभेच्छा" असा फ्लेक्स लागला. त्यावर सरांच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. अडचण एकच होती. सूत्रसंचालन करणार कोण? दुसरं कुणी नव्हतंच. तेव्हा सरांनी स्वतःच्या सत्काराचं सूत्रसंचालन स्वतः केलं. "विज्ञानाचे गाढे अभ्यासक" अशी स्वतःची ओळख करून दिली, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील" असं जाहीर केलं, एक पाऊल डावीकडे सरकले आणि बोलले. चाळीसेक नावं घेतली. शेजारी वहिनी सुजलेल्या पायांवर उभ्या होत्या, अंगावर सत्काराची शाल, हातात नारळ. त्यांच्याबद्दल सर म्हणाले, "आणि त्यांच्या सौभाग्यवती." आमच्याकडे बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. बायका लग्नात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात, तेवढाच काय तो व्यवहार, आणि तोही एकतर्फी. मी वैतागलो होतो ते या सगळ्यात दीड तास गेला म्हणून, आणि ऊन होतं म्हणून.

पुण्याला मुलीच्या घरी मुक्काम करून पहाटे आम्ही विमानतळावर पोचलो. मी सरांना सगळं समजावून सांगितलं, एकदा नाही, तीनदा. "सर, हे लग्न नाही. बोलावलं की उठायचं. दार बंद झालं की झालं." सर "हो हो" म्हणाले. तपासणीत पट्टा काढायला लावला तेव्हा त्यांनी एका हाताने पॅन्ट धरली आणि दुसऱ्या हाताने त्या जवानाला नमस्कार केला. वहिनी कुणाच्या आधाराशिवाय, भिंत धरत धरत, काचेपर्यंत गेल्या. बाहेर दिव्यांच्या उजेडात विमान उभं होतं.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "वरून जाताना लई बारीक दिसतंय हो. हे तर आपल्या शाळंएवढं हाय."

विमानात चढायची वेळ झाली तशी रांग लागली. कंपनीचा एक मुलगा "गोवा, गोवा, गोवा" असं ओरडत खुर्च्यांमधून फिरत होता, थेट केजच्या स्टँडवरच्या जीपवाल्यासारखा. मी उठलो. सर उठले नाहीत.

"चला की, सर."

"व्हा तुमी पुढं. गर्दी सरू द्या. हिला उभं राहवत न्हाई."

कारण खरं होतं. पण मला कालचे चाळीस नावांचे दीड तास आठवत होते, आणि वाटलं, हा माणूस इथेसुद्धा पाहुणा होऊन बसलाय. बायको म्हणाली, "थांबू या का आपण?" मी म्हणालो, "चल तू."

आम्ही आमच्या जागांवर बसलो. पलीकडच्या दोन जागा रिकाम्या होत्या. माणसं येत राहिली, सामान ठेवत राहिली, मग कुणी येईना. बायकोने माझा दंड धरला. "फोन लावा की हो त्यांना." फोन माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "एकदा चुकू दे. त्याशिवाय कळायचं नाही." एअर होस्टेसने येऊन विचारलं की या दोन जागांवरचे प्रवासी तुमच्यासोबत आहेत का. मी म्हणालो, येतील, त्यांना तिसऱ्या हाकेला उठायची सवय आहे. हे मी हिंदीत म्हणालो, आणि हिंदीत ते फारसं विनोदी झालं नाही. ती पुढे गेली. थोड्या वेळाने दार बंद झालं.

रिसॉर्टवर आमच्या गळ्यात शिंपल्यांची एकेक माळ घातली आणि हातात कोकम सरबताचा ग्लास दिला. सत्कार म्हणून तो फारच आटोपशीर होता. खोलीतून समुद्र दिसत होता. मी सरांना फोन लावला. ते मुलीच्या घरी परतले होते. दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढायचं मुलीने म्हटलं होतं, पण दुपारपर्यंत वहिनींना धाप लागायला लागली आणि ते राहून गेलं.

"समुद्र कसाय?" सरांनी विचारलं.

"मोठा आहे."

"कशाएवढा?"

मी म्हणालो, "मांजरा धरण भरल्यावर दिसतं तसा. पलीकडचा काठ नाही, एवढंच."

"मग ठीक हाय. धरण बघितलंय तिनं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्यावर रागावले नाहीत. मी पुढे का गेलो, फोन का केला नाही, यातलं काहीच विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनींचं डायलिसिस सुरू झालं.

आणि मी काय केलं, तर गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्ट चांगलीच होती. जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारणारा माणूस विमानतळावर स्वतःचं नाव पुकारलं जाताच तिसऱ्या हाकेची वाट बघत बसतो आणि विमान निघून जातं. मी ती पारावर सांगितली, लग्नात सांगितली, निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात तर मागणी आली म्हणून दोनदा सांगितली. मी तिथे नव्हतो, विमानात होतो, पण सांगताना मी सरांना काचेजवळ पायावर पाय टाकून बसवत असे आणि त्यांच्या तोंडी "राहू द्या, राहू द्या" घालत असे. धारूरपर्यंत गोष्ट गेली. मांडवात सर माइक हातात घेऊन उभे राहिले की मागून एखादा ओरडायचा, "सर, कितवी हाक हो ही?" लोक हसायचे. सरही हसायचे. मग पुढचं नाव घ्यायचे. मी ती गोष्ट सांगत असताना ते स्वतः शेजारी बसलेले असत, असंही झालं. एकदा तर मी काहीतरी विसरलो तेव्हा त्यांनीच आठवण करून दिली, "ते 'राहू द्या, राहू द्या' राहिलं तुमचं."

सर गेले ते एका सकाळी, दाढी करताना. दुपारी त्यांना एका साखरपुड्याला जायचं होतं. चौदाव्या दिवसानंतर मी भेटायला गेलो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या. डाव्या हातावर, सुया टोचतात तिथे, शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून सरांच्या आठवणी काढल्या, आणि बोलता बोलता त्या गोष्टीकडे वळलो. तेवढीच माझ्याकडे होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ती गोष्ट तुमी लई रंगवून सांगता. पर तसं झालं न्हवतं."

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"त्या इमानवाल्या पोरीनं माइकवर आमचं नाव घेतलं तसे सर ताडकन उठले. माझी पिशवी बी उचलली. मीच हात धरला त्यांचा. म्हणलं, बसा. आजून एकदा घिऊ द्या."

"कशाला, वहिनी?"

"माझं नाव घेतलं न्हवं का तिनं." त्या जरा लाजल्या. "आपल्या लेकीनं तिकीट काढताना नुसतं माझं नाव आन् आडनाव टाकलं होतं. मधी सरांचं बी न्हाई. एवढ्या मोठ्या जागंत, एवढ्या लोकांत, त्या पोरीनं ते घेतलं. तीस वर्सं मी मांडवात बायकांच्या बाजूला बसून लोकांची नावं ऐकली, भाऊजी. सर म्हणले, अगं, दार लावतील. म्हणलं, लावू द्या, एकदाच हाय. मग ते बसले गुमान. दुसऱ्यांदा घेतलं. मग तिसऱ्यांदा. सर डोळे मिटून ऐकत हुते. मला म्हणले, पोरगी बरी घेती, आडनावावर जोर कमी पडतोय."

"आणि विमान?"

"इमान काय, जातंच की रोज घरावरनं."

मी विचारलं, मग सरांनी हे कधी सांगितलं का नाही? मी चारचौघांत त्यांना हसत होतो, ते शेजारी बसून ऐकत होते.

"तेच म्हणले, कुनाला सांगू नगं. लोक तुला हसतील. मला हसू दे, मला सवय हाय." मग आत बघून पुण्याहून आलेल्या लेकीला म्हणाल्या, "भाऊजीला चहा टाक गं." माझ्यावर राग असल्याचं त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं. त्या दिवशी तो चहा मला फार गोड लागला आणि मी तो पूर्ण पिऊ शकलो नाही.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगितली नाही. पण सांगायची थांबवली म्हणून गोष्ट थांबत नाही. परवा परळीच्या स्टेशनवर एका अनोळखी माणसाने ती मला ऐकवली. त्याच्या गोष्टीत विमान दुबईचं होतं आणि सर आमदार होते. त्याला खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर वहिनींची लाज मांडावी लागली असती, आणि ती झाकण्यासाठीच तर सरांनी तीन वर्षं स्वतःचं हसं करून घेतलं होतं. मी "हो का" म्हणालो. आता इथे ते लिहितोय. कुणाचंही नाव घातलेलं नाही, हा मी काढलेला मार्ग आहे. तो बरोबर आहे का, मला माहीत नाही.

सरांना जाऊन वर्ष झालं तेव्हा शाळेने स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठेवायचं ठरवलं. सूत्रसंचालनासाठी तालुक्यात माणूस उरला नव्हता, ते माझ्याकडे आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणालो, कारण मला एक गोष्ट करायची होती. इतक्या वर्षांत मी वहिनींना वहिनीच म्हणत आलो होतो. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. शाळेच्या लिपिकाकडून, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदावरून, मी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. घरी आरशासमोर म्हणून बघितलं. आडनावावर जोर दिला.

प्रमुख पाहुणे असलेल्या नेत्यांना दोन वेळा तारीख बदलून हवी होती, ती मी बदलून दिली. पत्रिका छापल्या आणि शिपायाबरोबर घरोघर पाठवल्या. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर मी आलेल्यांची नावं घेत राहिलो. एकही सोडलं नाही. लोक आपापल्या नावाला मान ताठ करताना दिसत होते, आणि पूर्वी मला त्याचं हसू आलं असतं. मग सगळे स्थिरस्थावर झाल्यावर मी खिशातली चिठ्ठी काढली. सर सोडायचे तेवढी जागा मधे सोडून मी ते नाव घेतलं. कसलंही विशेषण न लावता, मधे सरांचं नाव न घालता, फक्त त्यांचं. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मी कागदावरून मान वर केली. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत नेत्यांचा अंगरक्षक बसला होता.

कार्यक्रम मंगळवारी होता. मंगळवारी आणि शुक्रवारी वहिनी डायलिसिससाठी अंबाजोगाईला असतात.